लाल दिवा, पिवळा दिवा आणि काळी माती

(परभणीत चालक, गॅरेजवाले आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. विषय आहे ब्रेक आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, यांचे मीटरमधले दिवे. समोर बघतो तर निम्मे गाडी चालवणारे आहेत आणि निम्मे गाडी उघडणारे. चालवणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की आता गाडी पुढं न्यावी की नाही. उघडणाऱ्याला कळायला हवं की हात आधी कुठं घालायचा. म्हणून आधी चालकांचं बोलू, मग आपल्या कारागिरांचं.

किल्ली फिरवली की मीटरमधले सगळे दिवे लागतात आणि थोड्या सेकंदांत विझतात. ही रोजची हजेरी आहे. एबीएसचं कंट्रोल युनिट स्वतःची तपासणी करून घेतं आणि सगळं ठीक दिसलं तर दिवा घालवतं. म्हणजे दिवा मुळात लागलाच नाही, तर त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. जुनी गाडी घ्यायला जाता तेव्हा इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी हे बघा. पिवळ्या दिव्याची कटकट नको म्हणून विकणाऱ्यानं बल्बच काढलेला असतो, नाहीतर मागून काळी पट्टी चिकटवलेली असते. काही जण याहून हुशार. जुन्या मॉडेलांत ते एबीएसच्या दिव्याची वायर शेजारच्या इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडून टाकतात. इंजिन सुरू झालं की दोन्ही एकदम विझतात आणि गिऱ्हाईक खूश. दोन दिवे अगदी एकाच क्षणी जात असतील तर सौदा थांबवा आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या युनिटमधले दोष वाचणारं यंत्र, लावून घ्या.

आता लाल दिवा. गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंनी कंस. हा लागला तर गाडी कडेला घ्या. पहिलं, हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. हसू नका, लिव्हर एक दात वर राहिलेला असतो आणि माणूस घामाघूम होतो. हँडब्रेक खाली असूनही दिवा असेल तर बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलच्या डब्यावर खुणा आहेत, त्यात पातळी बघा. त्या डब्यात तरंगणारा खटका असतो. तेल खाली गेलं की तो दिवा लावतो.

गिऱ्हाईक सांगतं, "सर, वळणावर दिवा लागायलाय, सरळ रस्त्याला विझायलाय." वायरिंग लूज असेल असं त्याला वाटतं. पण पातळी काठावर असली की वळणावर, उतारावर तेल एका बाजूला जातं आणि खटका खाली बसतो. मग तो पेट्रोल पंपावरून बाटली घेतो, डबा भरतो, दिवा जातो, विषय संपला. विषय संपलेला नसतो. डिस्कला दाबणारे पॅड झिजतात तसे त्यांना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, मागे जागा होते, ती भरायला डब्यातलं तेल खाली उतरतं. पातळी हळूहळू खाली येणं हे कित्येकदा पॅड संपत आल्याचं लक्षण असतं. तुम्ही वरून तेल ओतलंत म्हणजे खबर देणाऱ्याचं तोंड बंद केलंत. पुढं पॅडची लोखंडी पाठ डिस्कला घासते आणि पॅडसोबत डिस्कही जाते. शिवाय नवे पॅड बसवताना मेकॅनिक पिस्टन मागे दाबतो, तेव्हा हेच जास्तीचं तेल डब्यातून वर येऊन सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर फडक्यानं पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी मारा.

पॅड चांगले जाड आहेत आणि तरी पातळी उतरली आहे, तर मात्र गळती. मागच्या चाकांना ड्रम असतील तर व्हील सिलिंडर बघा. टायरच्या आतल्या बाजूला, बॅकप्लेटच्या खालच्या कडेला ओल दिसते. चारही चाकं कोरडी असतील तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर तेलाला देणारा भाग, आणि त्यामागचा पेडलला मदत करणारा बूस्टर यांच्या जोडावर बोट फिरवा. तिथलं तेल जमिनीवर पडत नाही, बूस्टरमध्ये उतरतं. त्या जागी बूस्टरचा रंग सोलून निघालेला असला की समजायचं.

पिवळा दिवा, ज्यात एबीएस अशी अक्षरं असतात, तो एकटाच लागला तर गाडी चालवता येते. नेहमीचा ब्रेक लागतो, फक्त चाक जाम होऊ न देणारी सोय बंद झालेली असते. ही सोय बॉशनं 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला दिली. आपल्याकडं ती 2018 च्या एप्रिलपासून नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि 2019 च्या एप्रिलपासून सगळ्याच नव्या मोटारींना सक्तीची झाली. एबीएसमुळं गाडी कमी अंतरात थांबते असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मुरमाच्या किंवा सैल मातीच्या रस्त्यावर जाम झालेलं चाक पुढं मातीचा ढीग करतं आणि लवकर थांबतं. एबीएसवाली गाडी तिथं थोडी जास्तच पुढं जाते. एबीएसचा खरा उपयोग स्टिअरिंगला आहे. गाळप हंगामात रात्री, मागे रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, अशी उसाची ट्रॉली अचानक उजेडात येते. तुम्ही ब्रेकवर उभे राहता. चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. चाकं फिरती राहिली तर ट्रॉलीला चुकवून बाजूला काढता येते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरतं, कर्र असा आवाज येतो. ते व्हॉल्व्ह उघडझाप करत असतात. लोक घाबरून पाय उचलतात. उचलू नका, दाबूनच धरा.

लाल आणि पिवळा दोन्ही सोबत लागले आणि तेल बरोबर आहे, तर बहुतेक वेळा ईबीडीही बंद झालेलं असतं. मागच्या चाकांना किती जोर द्यायचा हे ईबीडी ठरवतं. ते गेलं की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊ शकतात आणि गाडी गर्रकन फिरते. अशी गाडी मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात उतरवायची नाही. टोचन करून आणा.

आता कारागीर मंडळी. आपल्यात एक रीत पडली आहे. स्कॅनर लावला, 'डावं पुढचं व्हील स्पीड सेन्सर', म्हणजे चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, असा दोषाचा कोड आला, सेन्सर मागवला, बसवला, दिवा तसाच. मग म्हणायचं, पार्ट डुप्लिकेट निघाला. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, वायर जोडणारा कपलर आहे, मीटरभर हलती वायर आहे, चाकासोबत फिरणारी दात्यांची रिंग आहे, बेअरिंग आहे आणि शेवटी युनिट आहे. आणखी एक. मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएसचे कोड 'सी' अक्षरानं सुरू होतात, ते वाचणारं यंत्र लागतं. 'कोड नाही' आणि 'कोड वाचता येत नाही' यांतला फरक ओळखा. आणि कोड पुसायच्या आधी लिहून ठेवा. पुसून मोकळं झालात की पुरावा गेला.

आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे काळी माती. पावसाळ्यात गाडी शेतरस्त्यानं आखाड्यावर जाऊन आली की चाकाच्या आत चिखलाचा थर बसतो, आणि तो वाळला की दगड. सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात माती अडकली की सिग्नल बिघडतो. सेन्सर बसतो त्या भोकात गंज फुगला तर तो सेन्सरला वर उचलतो आणि फट वाढते. म्हणून नवा सेन्सर उघडायच्या आधी चाक काढा, पाण्यानं धुवा, जागा ब्रशनं साफ करा. निम्म्या वेळा काम तिथंच होतं, असं माझं मत आहे. अडकलेला सेन्सर पक्कडीनं ओढू नका, प्लास्टिक तुटतं आणि अर्धा आत राहतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून, थोडं फिरवून काढायचा.

एक तक्रार नीट ऐका: "गाडी उभी राहतानी शेवटच्या क्षणाला पेडल थरथरतं, दिवा मात्र लागत नाही." वेग अगदी कमी, रस्ता कोरडा, तरी एबीएस चालू होतं. दोन वायरींच्या जुन्या चुंबकीय सेन्सरचा सिग्नल वेग कमी झाला की कमजोर होतो. फट वाढली असेल किंवा एक्सलवरची रिंग गंजून तडकली असेल, तर ताशी पाच-दहा किलोमीटरला एका चाकाचा सिग्नल आधी गळतो. युनिटला वाटतं ते चाक जाम झालं. मग ते त्या चाकाचा ब्रेक सोडतं आणि गाडी चौकात हातभर पुढं जाते. दिवा नाही म्हणून दोष नाही असं समजू नका. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावा, कुणालातरी सरळ रस्त्यावर हळू चालवायला सांगा आणि थांबताना कोणता आकडा आधी शून्याला पडतो ते बघा. रिंगची तडक डोळ्यांनी दिसत नसेल तर बोटाचं नख फिरवा.

मीटर लावताना सेन्सर कोणता आहे ते आधी ठरवा. चुंबकीय सेन्सर ओहमवर मोजता येतो, बहुतेक एक-दोन हजार ओहमच्या आसपास. शेजारच्या चाकाशी ताडून बघितलं की झालं. मीटर एसीवर टाकून हातानं चाक फिरवा, मिलिव्होल्ट वाढायला हवेत. नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतो. त्याला ओहममध्ये मोजून काहीच कळत नाही. त्याला युनिटकडून करंट लागतो, म्हणून किल्ली चालू करून आधी कपलरवर व्होल्टेज येतं का बघा. येत नसेल तर आधी सेन्सरला दोष देऊ नका, वायरीच्या मागे लागा.

याच नव्या गाड्यांत दात्यांची रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. गाडी बेअरिंग बदलून आली, गावात ठीक, आणि वीसेकच्या वेगाला दिवा लागतो. मालक म्हणतो, बेअरिंगचा आणि एबीएसचा काय संबंध? कोड सेन्सरचा, पण सेन्सरला व्होल्टेज आहे, वायर ठीक आहे, सिग्नल मात्र शून्य. बेअरिंग उलटं दाबलेलं असतं. पट्टा बाहेरच्या बाजूला गेला, सेन्सर आत साध्या सीलकडं बघत बसलाय. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या असतात, पण चुंबक दाखवणारं हिरवं कार्ड मिळतं. ते टेकवलं की एका बाजूला पट्टे उमटतात. ती बाजू सेन्सरकडं. पट्ट्याजवळ जोरदार चुंबक नेऊ नका आणि त्या सीलवर हातोडी तर नकोच.

उंदीर विसरू नका. सोयाबीनची पोती असलेल्या शेडमध्ये गाडी उभी असेल तर वायर कुरतडली जाणारच. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड चाकाच्या कमानीत एक पावसाळा टिकत नाही. सोल्डर करा, हीट श्रिंक नळी चढवा, आणि सेन्सरच्या दोन वायरींना कंपनीनं पीळ दिलेला असेल तर तो तसाच ठेवा. बाकी कमजोर बॅटरी, पेडलचा ब्रेकलाइट स्विच, वेगळ्या मापाची स्टेपनी यांनीही हाच दिवा लागतो. दोन-दोन मिनिटांची तपासणी आहे, ती आधी उरका.

शेवटी प्रश्न आले. एका चालकानं विचारलं, दिवा सारखा लागतोय तर एबीएसचा फ्यूज काढून ठेवला तर चालेल का. नाही. फ्यूजबरोबर ईबीडीही जातं. ते गेल्यावर गाडी कशी फिरते ते मघाशीच सांगितलं.

दुसरा प्रश्न होता ब्रेक ऑइल किती दिवसांनी बदलायचं. बहुतेक कंपन्या दोन वर्षं सांगतात. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल कमीत कमी 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही हमी 155 वर येते. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून उतरलात तर तेवढी उष्णता होते, तेलात वाफ धरते आणि पेडल खाली बसतं. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि डब्यात इंजिन ऑइल किंवा कोणतंही खाण्याचं तेल कधीही टाकू नका. रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून एबीएस युनिटपर्यंत सगळं बदलावं लागतं.

आयटीआयच्या एका मुलानं विचारलं, युनिटच खराब आहे हे कधी म्हणायचं. सगळ्यात शेवटी. आधी युनिटच्या पंपाच्या मोटरचा मोठा फ्यूज, व्हॉल्व्हचा फ्यूज, आणि युनिटची अर्थिंग बघा, तीही मोटरवर लोड असताना मोजून. पुढं जाळी, हुक वेल्डिंग करून घेतली असेल तर तेव्हा बॅटरी काढली होती का, हे मालकाला विचारा. एवढं करूनही युनिट बोलत नसेल तर मग बदला. बदलल्यावर नुसती पेडल मारून हवा निघत नाही. स्कॅनरनं पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ब्लीडिंग करावं लागतं, त्याचा क्रम त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो वाचूनच हवा काढायच्या निपलला पाना लावा.