सातवीचे गणिताचे मार्क कॉलेज विचारतं का?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातल्या नाशिककर पालकांच्या सत्रातील भाषण. प्रश्नोत्तरांत आलेले काही मुद्दे जागच्या जागी घातले आहेत.)

नमस्कार मंडळी. नाशिकहून उन्हाळ्यापुरते आलेले आजी-आजोबा पुढच्या रांगेत बसलेत, त्यांना वेगळा नमस्कार. रविवारच्या फोनवर ‘गणितात किती पडले?’ हा प्रश्न बहुतेक घरांत तेच विचारतात. त्यांचं आज कामही आहे, ते पुढे सांगतो.

आधी सरळ उत्तर. इथली बहुतेक कॉलेजं नववी ते बारावी या चार वर्षांचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे एकत्रित गुणपत्रक, बघतात. सहावी-सातवीचं प्रगतिपुस्तक कोणी मागत नाही. सातवीत गणितात एक ‘बी’ आला म्हणून कुठल्याही कॉलेजचं दार बंद होत नाही. पण मिडल स्कूलच्या (सहावी ते आठवी) तीन वर्षांत दोन गोष्टी ठरतात आणि त्या कॉलेजपर्यंत जातात. मूल नववीत कुठल्या गणिताला बसणार, ही एक. आणि अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या, समीकरण यांवर त्याचा हात बसलाय की नाही, ही दुसरी. त्यामुळे काळजी करायचीच तर ग्रेडच्या अक्षराची करू नका, उत्तरपत्रिकेची करा.

इथली गणिताची शिडी पाच पायऱ्यांची आहे: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. वर्षाला एक पायरी. अल्जेब्रा वन नववीत घेतलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस होतं. आठवीत घेतलं तर बारावीत कॅल्क्युलस, सातवीत घेतलं तर अकरावीत. काही ठिकाणी मॅथ वन, टू, थ्री अशी मिसळलेली मांडणी असते, पण वर्षांचा हिशोब तोच. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स डोक्यात असेल तर कॅल्क्युलसपर्यंत पोहोचलेलं बरं. एमआयटी तसं सुचवतेच. कॅलटेक या तशाच तंत्रज्ञान विद्यापीठाला पूर्वी कॅल्क्युलस लागायचंच. ज्यांच्या शाळेत ते शिकवतच नाहीत त्यांच्यासाठी २०२३ मध्ये त्यांनी दुसरा मार्ग खुला केला. इतर बऱ्याच शाखांना स्टॅटिस्टिक्स चालतं, कित्येकदा तेच जास्त उपयोगी पडतं.

कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपापलं ठरवतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं अल्जेब्रा वन बंद केलं आणि २०२४ मध्ये ते परत आणायचं ठरवलं. टेक्ससमध्ये २०२३ च्या कायद्याने पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत प्रगत गणितात आपोआप बसवतात. पालकांना नको असेल तर नाव काढता येतं. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला ऐकून तुमच्या मुलाचा निर्णय घेऊ नका. शाळेला ईमेल करून एवढंच विचारा: पुढच्या वर्षीचा गणिताचा वर्ग कशावरून ठरतो, राज्य परीक्षा, मॅप किंवा आय-रेडी या शाळेतल्या संगणकावरच्या चाचण्यांचा स्कोअर, शिक्षकांची शिफारस की वर्षाचा ग्रेड? आणि ते कोणत्या महिन्यात ठरतं? बऱ्याच ठिकाणी हे वसंतात, परीक्षा संपायच्या आधीच होऊन जातं आणि पालकांना जूनमध्ये कळतं. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्याप्रमाणे नववी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात निदान एकदा मुलाची जागा बरोबर आहे का, हे शाळेने तपासायचं असतं. वर्ग चुकलाय असं वाटलं तर तेव्हाच बोला.

आता ग्रेड खरोखर मोजला जातो त्या जागा. अल्जेब्रा वन हा हायस्कूलचा विषय. तो मिडल स्कूलमध्ये घेतला तर अनेक राज्यांत त्याचा ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर चढतो. व्हर्जिनियात पालकांना तो काढून टाकायची विनंती करता येते, पण मग त्या विषयाचं क्रेडिटही जातं. फ्लोरिडात अल्जेब्रा वनच्या राज्य परीक्षेला अंतिम ग्रेडमध्ये ३० टक्के वजन आहे, मात्र मिडल स्कूलच्या मुलाला ‘सी’ किंवा खाली मिळाला तर विषय पुन्हा करून ग्रेड बदलता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ सातवी-आठवीतलं अल्जेब्रा, ‘सी’ किंवा वर असेल तर, गणिताच्या अटीत धरतं, पण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, दहावी-अकरावीच्या विषयांवरून काढतं. दुसरी जागा म्हणजे निवड करून प्रवेश देणारी हायस्कूलं. व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसनला अर्ज करायलाच ३.५ जीपीए लागतो. न्यू यॉर्क शहरात ग्रेड बघून प्रवेश देणाऱ्या शाळा सातवीचे ग्रेड बघतात, स्टायव्हेसंटसारख्या शाळा मात्र फक्त प्रवेश परीक्षेवर घेतात. यातलं काही तुमच्या घराला लागू नसेल तर सातवीचा ग्रेड शाळेच्या भिंतीतच राहतो.

आणि ‘बी’ म्हणजे तरी काय? समजा टेस्टला ६० टक्के वजन, क्विझला २५, गृहपाठाला १५. एका मुलीची टेस्टची सरासरी ९२, क्विझची ९०, गृहपाठ वेळेवर न दिल्यामुळे ५५. बेरीज येते ८५.९५, म्हणजे ‘बी’. शेजारच्या मुलाच्या टेस्टला ७८, क्विझला ८४, गृहपाठाला पूर्ण १००. बेरीज ८२.८, म्हणजे ‘बी’च. पहिलीला गणित येतं, वही वेळेवर टाकायची सवय लावायला हवी. दुसऱ्याला गृहपाठाने सावरलंय, पण अल्जेब्रात तो अडखळणार आहे. फोनवर नाशिकला दोघांचं उत्तर एकच जातं. म्हणून ऑनलाइन पोर्टलवर एकूण आकडा बघून थांबू नका, प्रत्येक गटाची सरासरी उघडा आणि टेस्टची वेगळी वाचा.

त्यानंतर शेवटच्या तीन टेस्ट घरी मागवा आणि गेलेला प्रत्येक मार्क तीन ढिगांत टाका: कळलंच नव्हतं, चिन्ह किंवा हातचा चुकला, प्रश्न नीट वाचला नाही. निम्म्याहून जास्त पहिल्या ढिगात गेले तर मूल एखाद्या मागच्या धड्यावर अडलेलं आहे आणि नवा धडा कितीही घोटला तरी फरक पडत नाही. तीन दिवसांनी तीच उदाहरणं कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून घ्या. लगेच सोडवली तर नुसती आठवणीने येतात.

नेहमीच्या चुका मोजक्याच आहेत. पहिली तर आपणच घरातून देतो. ‘इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे आपण मराठी शाळेत शिकलो. इथे मुलांना शिकवतात, ‘दोन्ही बाजूंना तेच करा’. मुलांचा एक्स म्हणजे आपला क्ष. ३क्ष = १२ समोर आलं की बाबांचं वाक्य आठवून मूल ३ पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं आणि १२ वजा ३, म्हणजे ९ लिहितं. आपलं वाक्य बेरीज-वजाबाकीपुरतं खरं आहे. गुणाकारातला ३ पलीकडे गेला की भागतो. समीकरणं पक्की होईपर्यंत आपला शॉर्टकट बाजूला ठेवा, शाळेचीच रीत घरात बोला.

दुसरी चूक, –२(क्ष – ५). मुलं –२क्ष – १० लिहितात, कारण उणे चिन्ह पहिल्या पदापाशीच संपलं असं त्यांना वाटतं. उत्तर –२क्ष + १० आहे. दोन आठवडे कंसावर दोन बाण काढून दोन्ही गुणाकार वेगळे लिहायला लावा. ही चूक सातवीत एका मार्काची असते. अल्जेब्रा टूमध्ये तीच पानभर उदाहरण वाया घालवते.

तिसरी गुणोत्तराची. २ लिंबांना ३ चमचे साखर, तर ४ लिंबांना किती? ‘दोन वाढले, म्हणून ५’, असं उत्तर आलं तर मूल अजून बेरजेत विचार करतंय. इथे थांबलंच पाहिजे, कारण पुढची सगळी इमारत यावर आहे. पिंपळगावच्या द्राक्षांचंच उदाहरण घ्या. ५ किलोला ३५० रुपये, तर ८ किलोला? किलोला ७०, म्हणून ५६०. हे सहावीचं गणित. सातवीत तोच ७० प्रमाणाचा स्थिरांक होतो. आठवीत आलेख काढला की तोच ७० रेषेचा चढ होतो. आता प्रत्येक खेपेला ४० रुपये हमाली धरा, भाव होतो ७०क्ष + ४०. ‘यातला ४० काय सांगतो?’ या धाटणीचा प्रश्न अकरावीत एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेला, येतो. एसएटीच्या गणितात ७० मिनिटांत ४४ प्रश्न असतात आणि त्यातले ३५ टक्क्यांच्या आसपास अशाच रेषीय समीकरणांचे. सहावी ते आठवीचं गणित कॉलेजच्या अर्जात शिरतं ते असं.

चौथा विषय अपूर्णांकांचा, आणि आजी-आजोबांचं काम इथे आहे. पाऊण भागिले अर्धा किती, हे मुलाला विचारा. ‘उलटा करून गुणा’ हे त्याला पाठ असतं, पण उत्तर एकापेक्षा मोठं येणार की लहान हे सांगता येत नाही. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. त्यांनी विचारावं, ‘पाऊण किलो साखरेतून अर्ध्या किलोच्या पिशव्या किती भरतील?’ एक भरेल आणि उरलेल्या पाव किलोत दुसरी अर्धी. म्हणजे दीड. रविवारच्या फोनवर ‘किती पडले’च्या ऐवजी असे दोन प्रश्न गेले तर वर्षाला शंभर होतात. फक्त मोठे आकडे लिहून देताना जपा. आपला १,००,००० आणि इथला १००,००० एकच असला तरी स्वल्पविरामाची जागा बघून सहावीतलं मूल गोंधळतं.

हे चारही पक्कं नसताना सातवीतच अल्जेब्रा वनमध्ये बसवायचा आग्रह आपल्या लोकांत फार दिसतो आणि तो आम्हाला मनापासून चुकीचा वाटतो. घाईने मिळवलेला ‘सी’ ट्रान्स्क्रिप्टवर चढतो आणि पाया तसाच कच्चा राहतो. घरी एक चाचणी घ्या: अपूर्णांक आणि ऋण संख्यांची २० उदाहरणं, २० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. १८ बरोबर आली तर पुढे जायला हरकत नाही. १४ आली तर एक वर्ष थांबलेलं बरं. मागे पडलं असं वाटलं तर हायस्कूलमध्ये भरून काढता येतं. जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू हे विषय फारसे एकमेकांवर अवलंबून नाहीत, त्यामुळे अनेक शाळा ते एकाच वर्षी घेऊ देतात. मात्र विषय निवडायच्या अर्जाआधी शाळेतल्या सल्लागाराला, म्हणजे काउन्सेलरला, भेटायला हवं. उन्हाळ्यात सहा आठवड्यांत अख्खं जॉमेट्री उरकायचा मार्ग शेवटचा धरा. त्यात सिद्धता लिहिण्याचा सराव राहून जातो.

ज्यांचा दोन-चार वर्षांत नाशिकला परतायचा विचार आहे, त्यांच्यासाठी. तिथेही सातवीचे मार्क पुढे कोणी मोजत नाही. अकरावीचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, आणि राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग १ व भाग २ यांच्या ४०-४० मार्कांच्या लेखी परीक्षा आणि २० अंतर्गत अशी विभागणी आहे. इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ मार्क, २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं. एसएटीत डेस्मॉस नावाचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर शेवटपर्यंत पडद्यावर असतो, सीईटीत हातानेच करायचं. इथून गेलेली मुलं कल्पना समजण्यात मागे नसतात, आकडेमोडीत अडतात आणि वेळ पुरत नाही. परतायच्या वर्षभर आधीपासून रोज १५ मिनिटं कॅल्क्युलेटरशिवाय द्या. भूमितीची मराठी-इंग्रजी नावं मात्र तिथे गेल्यावर महिन्याभरात सवयीची होतात.

आता आपल्या नाशिकच्या देवळालीचं. गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ तिथे शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, विद्यापीठात नोकरी नव्हती. १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या लेखाने त्यांचं काम जगभर पोहोचवलं. त्यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा सहावीतल्या मुलाला वजाबाकीच्या सरावासाठी द्या. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ केले तरी ६१७४च. मध्ये कुठे तीनच अंक उरले तर पुढे शून्य लावायला विसरू नका, ९९९ म्हणजे ०९९९. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. सातव्यालाही ६१७४ आला नाही तर कुठेतरी हातचा राहिलाय. मूल आणि आजोबा दोघांनी मिळून कागदावर तो शोधून काढा.