ग्रीक योगर्ट बडोद्यात: डब्यावर काय वाचावे, घरी कसे करावे आणि कशाबरोबर खावे

[कॅमेऱ्यासमोर टेबल, त्यावर दोन वाट्या आणि दोन चमचे]

नमस्कार मंडळी. माझ्या डावीकडच्या वाटीत अलकापुरीतील एका सुपरमार्केटमधून आणलेले ग्रीक-स्टाईल योगर्ट आहे आणि उजवीकडच्या वाटीत दांडिया बाजारातील याच स्वयंपाकघरात काल रात्री फडक्यातून निथळलेले दही आहे. चमचा उलटा धरला तरी दोन्ही पडत नाहीत आणि रंगही जवळजवळ सारखाच आहे, मात्र किलोमागे किमतीत दुपटीहून अधिक फरक आहे. डब्यातले योगर्ट केव्हा विकत घ्यावे, केव्हा घरीच करावे आणि ते खाण्याची खरी मजा कशात आहे, एवढ्याच विषयावर आज बोलणार आहे.

ज्याला जग ग्रीक योगर्ट म्हणते, ते मुळात गाळलेले दही आहे. दह्यातले पाणी निथळून गेले की दुधातील प्रथिने आणि स्निग्धांश उरलेल्या भागात दाटतात आणि दही घट्ट, मऊ व लोण्यासारखे लागते. ही पद्धत एकट्या ग्रीसची नाही, कारण तुर्कस्तानात, लेबनॉनमध्ये, सीरियात आणि आपल्याकडेही दही शतकानुशतके असेच गाळले जाते. ग्रीसचे नाव त्याला चिकटले ते व्यापारामुळे. अथेन्समध्ये 1926 मध्ये एका दुग्धालयापासून सुरू झालेल्या फाये या कंपनीने 1980च्या दशकात आपले गाळलेले योगर्ट ब्रिटनमध्ये विकायला सुरुवात केली आणि तिथल्या ग्राहकांच्या तोंडी ते नाव बसले. पुढे अमेरिकेत हमदी उलुकाया या तुर्कस्तानात जन्मलेल्या कुर्दी उद्योजकाने न्यूयॉर्क राज्यातला एक बंद पडलेला कारखाना घेऊन 2007 मध्ये चोबानी बाजारात आणले. अमेरिकेत तयार झालेले हे योगर्ट ब्रिटनमध्ये ग्रीक योगर्ट याच नावाने विकायला आले, तेव्हा फाये न्यायालयात गेली. 2013 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2014 मध्ये अपील न्यायालयाने फायेच्या बाजूने निकाल दिला. ब्रिटनमध्ये ग्रीसबाहेरच्या मालावर 'ग्रीक-स्टाईल' असे लिहिण्याचा रिवाज आधीपासून होता, तो या निकालांनी पक्का झाला. भारतात मुंबईच्या एपिगेमियाने 2015 पासून हा प्रकार शहरी ग्राहकांपर्यंत पोहोचवला. आज मिल्की मिस्टसह बऱ्याच कंपन्यांचे डबे बडोद्यातल्या मोठ्या दुकानांच्या फ्रीजमध्ये दिसतात.

इथे आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर एकच वाक्य येते: "अहो, हा तर आपला चक्का!" हे वाक्य बरेचसे बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही, आणि जो थोडा फरक आहे तोच चवीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पहिला फरक विरजणाचा. योगर्टमध्ये लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हे दोन जीवाणू ठरवून घातलेले असतात आणि त्यांना 42-43 अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. आपल्या घरच्या विरजणात पिढ्यानपिढ्या मिसळत आलेले अनेक जीवाणू असतात, त्यांतले कित्येक 30 अंशांच्या आसपासही खुशीत वाढतात, आणि म्हणून प्रत्येक घरच्या दह्याची चव वेगळी असते. दुसरा फरक स्निग्धांशाचा. श्रीखंडासाठी आपण म्हशीचे सायीसकट दूध विरजतो आणि ते योग्यच आहे, कारण श्रीखंड हे पक्वान्न आहे. परंतु 6 टक्के स्निग्धांशाच्या एक लिटर फुल क्रीम दुधापासून 400 ग्रॅम चक्का निघाला, तर त्यात जवळजवळ 15 टक्के स्निग्धांश असतो. रोज सकाळी वाटीभर खाण्यासाठी हे प्रमाण जास्त आहे. तिसरा फरक निथळण्याचा: चक्क्यावर आपण वजन ठेवतो, ग्रीक योगर्टवर ठेवू नये.

जाता जाता आपल्या गावाची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. 1970च्या दशकात श्रीखंडाच्या औद्योगिक उत्पादनाची पद्धत विकसित झाली आणि ती बडोद्याच्या सुगम डेअरीत वापरात आली. तिथे फडक्याऐवजी क्वार्ग सेपरेटर नावाचे यंत्र आले. हे यंत्र वेगाने फिरून दह्यातले पाणी वेगळे काढते. आधी साय काढलेल्या दुधाचे दही लावायचे, यंत्राने पाणी काढायचे आणि हवा तेवढा स्निग्धांश व साखर नंतर मिसळायची, असा तो क्रम होता. आज जगभरातल्या ग्रीक योगर्टच्या अनेक कारखान्यांत याच तत्त्वाची यंत्रे फिरतात. म्हणजे अलकापुरीच्या काचेच्या फ्रीजमध्ये परदेशी पाहुणा म्हणून जे मिरवते, त्याचे तंत्र आपल्या शहरात ग्रीक योगर्टची हवा येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होते.

[डबा हातात घेऊन, मागची बाजू कॅमेऱ्याकडे]

आता विकतच्या डब्याकडे वळू. समोरची बाजू वाचू नका, डबा थेट उलटा करा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे दूध आणि विरजण एवढ्यावर यादी संपत असेल तर निर्धास्त व्हावे. स्टार्च, पेक्टिन किंवा अन्य घट्ट करणारे पदार्थ दिसले, तर घट्टपणा निथळण्यातून आला की त्या पदार्थांतून, असा संशय घ्यायला जागा आहे. दूध पावडर किंवा दुधाची प्रथिने वरून घातलेली असतील, तर त्यात अपायकारक काही नाही, पण ती चव जिभेवर किंचित पिठूळ लागते आणि मला ती आवडत नाही.

त्यानंतर पोषणमूल्यांचा तक्ता पाहावा. साध्या दह्यात 100 ग्रॅममागे साधारण 3 ते 4 ग्रॅम प्रथिने असतात, तर नीट निथळलेल्या योगर्टमध्ये ती 8 ते 10 ग्रॅमपर्यंत जातात. डब्यावर ग्रीक लिहिलेले असून आकडा 4-5 ग्रॅमवरच अडलेला दिसला, तर आपण घट्ट केलेल्या साध्या दह्याचे जास्त पैसे देत आहोत असे समजावे. साखरेच्या दोन ओळी असतात: एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. दुधातली स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, गाळल्यानंतरही थोडी शिल्लक राहते, म्हणून एकूण साखर शून्य नसते. पाहायची ती दुसरी ओळ. स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरीच्या डब्यांत हा आकडा चांगलाच फुगलेला असतो. आरोग्यासाठी म्हणून असे डबे आणणाऱ्यांना माझे स्पष्ट मत सांगतो: गोडच खायचे असेल, तर केशर-वेलचीचे श्रीखंड खावे आणि मनात काही किंतु ठेवू नये. आंबवल्यानंतर उष्णताप्रक्रिया केल्याचा उल्लेख डब्यावर असेल, तर त्यातले जीवाणू जिवंत नाहीत. तसे योगर्ट विरजण म्हणून वापरता येणार नाही.

गुजराती दुकानात तयार चक्का हवा असेल, तर 'दहींनो मस्को' असे मागावे. तो ताजा असेल तर थोडे दूध घालून फेटल्यावर वेळ भागते, पण आंबटपणा आणि स्निग्धांश आपल्या हातात राहत नाही. म्हणूनच मी घरी करण्याच्या बाजूचा आहे.

[गॅसजवळ, पातेल्यासमोर]

दूध टोन्ड घ्यावे, म्हणजे 3 टक्के स्निग्धांशाचे. त्याहून कमी स्निग्धांशाचे डबल टोन्ड मिळत असेल, तर दोन्ही अर्धा-अर्धा लिटर मिसळावे. निथळल्यावर स्निग्धांश साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि चव व हलकेपणा यांचा मेळ मला तिथे सर्वांत चांगला वाटतो. दूध उकळी येताच उतरवू नये, मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे ठेवावे. या वेळात दुधाच्या पाण्यातली प्रथिने उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, जाऊन चिकटतात. कमी तापवलेल्या दुधात हीच प्रथिने नंतर फडक्यातून पाण्याबरोबर वाहून जातात. दही मऊ होते की भुसभुशीत, याचा निम्मा निर्णय या दहा मिनिटांत होतो.

दूध 43 अंशांपर्यंत निवू द्यावे. थर्मामीटर नसेल, तर करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले म्हणजे झाले. विरजण म्हणून पहिल्या वेळी साध्या, बिनसाखरेच्या, जिवंत जीवाणू असलेल्या योगर्टचे दोन मोठे चमचे एक लिटरला पुरतात. ते आधी वाटीभर दुधात गुठळी न ठेवता विरघळवावे, मग पातेल्यात मिसळावे आणि पातेले हलवू नये. जानेवारीत बडोद्याच्या रात्री गार असतात, तेव्हा पातेले कॅसरोलमध्ये किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावे लागते. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि ओट्यावरच योगर्टला लागणारी ऊब मिळते. त्या दिवसांत पाच तासांनीच झाकण उघडून पाहावे, कारण दही लागल्यावरही तिथेच राहिले तर आंबट होत जाते, आणि एकदा आलेला आंबटपणा निथळूनही पूर्ण जात नाही.

दही लागले की लगेच फडक्यात ओतण्याची घाई करू नये. तीन-चार तास फ्रीजमध्ये गार झालेले दही आकार धरते आणि त्याचे कण फडक्यातून निसटत नाहीत. पातेल्यावर चाळणी, चाळणीत ओली करून पिळलेली मलमल, त्यात डावाने अलगद घातलेले दही आणि वरून ताटली, एवढा सरंजाम तसाच फ्रीजमध्ये जातो. खुंटीला गाठोडे टांगण्याची आजीची रीत थंडीत ठीक आहे, उन्हाळ्यात मात्र सकाळपर्यंत आतले दही फसफसते. मलमल साध्या गरम पाण्याने धुतलेली असावी. सुगंधी पावडरीत धुतलेल्या फडक्याचा वास दह्यात हमखास उतरतो आणि तो मधानेही झाकत नाही.

[फडके उघडून, चमच्याने रेघ ओढत]

हे पाहा. कडेला दही फडक्यापासून आपोआप सुटते आहे, मध्यभाग अजून ओलसर चमकतो आहे आणि चमच्याने ओढलेली रेघ भरून येत नाही. इथे थांबावे. चार तासांत दही बेताचे घट्ट होते, रात्रभरात चांगलेच दाटते आणि एक लिटर दुधातून साधारण 350 ते 400 ग्रॅम योगर्ट हाती येते. जास्त घट्ट झाले, तर खालचेच दोन चमचे पाणी परत मिसळून फेटावे. गाळलेल्या पाण्याला जी हिरवट-पिवळी झाक दिसते, ती रायबोफ्लेविनची, म्हणजे ब 2 जीवनसत्त्वाची आहे. त्यात कॅल्शियमही असते, म्हणून ते मोरीत ओतू नये. कढीत घालावे, थालीपिठाची भाजणी त्यात भिजवावी किंवा हांडव्याचे पीठ त्यात आंबवावे. पाणी मुळात आंबट असल्याने पीठ लवकर फुगते.

आता खाण्याविषयी. ग्रीसमध्ये गाळलेल्या दह्यावर मध आणि अक्रोड घालून खातात आणि एकदा तरी ते तसेच खावे, फळांची गर्दी करू नये. तिथली त्झात्झिकी आपल्या कोशिंबिरीच्या जवळची आहे: काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळायची आणि दह्यात लसूण, ऑलिव्ह तेल व थोड्या व्हिनेगरबरोबर कालवायची. काकडी पिळण्यात कसूर केली तर रात्रभर निथळण्याची मेहनत पाच मिनिटांत पाण्यात जाते. भाकरीबरोबर ही त्झात्झिकी फार छान लागते. मीठ घालून आणखी एक दिवस निथळू दिले तर लेबनॉनचे लबने तयार होते. त्यावर तेलाची मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी घालावी. तुपाची घातली तर गार दह्यावर ती लगेच थिजते. आणि हे बडोदे असल्यामुळे सांगतो, तिखट सेव उसळीवर याचा एक गोळा ठेवून पाहावा. साधे दही रश्श्यात विरघळून जाते, हे मात्र वरच राहते आणि प्रत्येक घासाला थोडे-थोडे घेता येते.

फळांपैकी केसर आंबा आणि हिवाळ्यातला पेरू याच्याशी उत्तम जमतात. कच्चा अननस, पपई आणि किवी यांच्यातील एन्झाइम दुधाची प्रथिने तोडतात, त्यामुळे ही फळे मिसळून ठेवलेले योगर्ट काही तासांत कडू लागते. ती अगदी खाण्याच्या वेळीच घालावीत. गरम भाजीत घालायचे असेल, तर गॅस बंद करून, रश्श्याचे दोन चमचे आधी योगर्टमध्ये मिसळून मगच घालावे.

घरचे योगर्ट काचेच्या झाकणबंद बरणीत चार-पाच दिवस चांगले राहते. वर पाणी सुटलेले दिसले तर ढवळून घ्यावे, ते खराब झाल्याचे लक्षण नाही. गुलाबी छटा किंवा बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून खाण्याचा विचारही करू नये, सगळे फेकावे. पुढच्या विरजणाचे दोन चमचे मीठ, मध किंवा फळ घालण्याआधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवावेत. काही खेपांनंतर चव घरच्या दह्याकडे झुकू लागली, तर नव्या डब्यातून ताजे विरजण घ्यावे. महिन्याकाठी तेवढा एक डबा मी आनंदाने विकत घेतो.