विकला शेअर, पोचला का?

(दृश्य: टेबलावर पिवळं पडलेलं शेअर सर्टिफिकेट, त्याला टाचलेला ट्रान्सफर फॉर्म)

नव्वदच्या दशकात शेअर विकायचा म्हणजे हा कागद आणि सही केलेला फॉर्म दलालाच्या हाती द्यायचा. घेणारा त्यावर तिकिटं चिकटवून तो नावावर करायला कंपनीकडे पाठवी. विकणाऱ्याची सही तिथल्या नमुन्याशी जुळली नाही की कागद परत. बाजारात याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. पंधरा वर्षांपूर्वीची सही हुबेहूब कोणाला जमते? खोटी, चोरलेली सर्टिफिकेटंही याच गठ्ठ्यांतून फिरत.

हिशेब आठवड्याचा: आठवडाभराच्या सौद्यांची देवघेव शेवटी एकदम. मुंबई शेअर बाजाराचा आठवडा सोमवार ते शुक्रवार, राष्ट्रीय शेअर बाजाराचा बुधवार ते मंगळवार. मग देवघेव टाळायला शुक्रवारी मुंबईचा सौदा राष्ट्रीय बाजारात न्यायचा, मंगळवारी परत मुंबईत. शिवाय बदला होताच: व्याज मोजा, सौदा पुढच्या आठवड्यावर ढकला. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १९९३ मध्ये त्यावर बंदी घातली होती. १९९६ मध्ये तो सुधारित रूपात परत आला. सेबीला कायद्याचे दात १९९२ मध्येच मिळाले होते, पण दलालांच्या सवयी जुन्या होत्या.

१९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकावर सौदे जुळवायला सुरुवात केली. आधी चांगला भाव. भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर. पुढच्याच वर्षी दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला आरडाओरडा थांबला. १९९६ मध्ये शेअर सांभाळणारी एनएसडीएल ही संस्था आली आणि कागद डिमॅट, म्हणजे संगणकी खात्यातल्या नोंदी होऊ लागले.

कागद गेला, तरी आठवडा उरलाच होता. तो मोडायला मार्च २००१ ची पडझड लागली. जुलैत बदला बंद झाला आणि प्रमुख शेअरांच्या प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची पूर्ती, म्हणजे शेअर-पैशांची देवघेव, पाचव्या दिवशी होऊ लागली. २००२ मध्ये तीन दिवस, २००३ मध्ये दोन. एका दिवसावर यायला मात्र वीस वर्षं गेली. वेळेच्या फरकामुळे डॉलरची सोय कशी करायची, ही परदेशी संस्थांची तक्रार होती. लहान कंपन्यांपासून सुरुवात करून २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर त्यात आले.

(दृश्य: मोबाइलवर ओटीपीची चौकट)

आता सहीच्या जागी ही चौकट. दलालाला अधिकारपत्र दिलेलं नसेल आणि ओटीपी टाकायचा राहिला, तर शेअर खात्यात असूनही डिलिव्हरी चुकते. मग बाजार ते लिलावात विकत घेतो; चढा भाव विकणाऱ्याच्या माथी. काल घेतलेले शेअर खात्यात येण्याआधीच आज विकले, तर धोका आणखी वेगळा: तुम्हाला विकणाऱ्याने दिलेच नाहीत, तर पुढचा लिलाव तुमच्या नावावर.