रविवारचा रस्सा, सोमवारचा दवाखाना

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरात जनावरांचा दवाखाना चालवायचा म्हणजे सोमवारी लवकर उठायचं. कारण रविवारी घरोघरी मटण शिजलेलं असतं.

परवा शिवाजी पेठेतले एक काका आपल्या कुत्र्याला उचलूनच घेऊन आले. "डॉक्टर, रात्रीपास्नं गडी नुसता ओकतोय, जुलाबबी चालू हाईत." विचारलं, काय घातलंत? "काय न्हाई वो. जरा तांबडा रस्सा-भात, आन् दोन नळ्या."

हे 'काय न्हाई' मी रोज ऐकतो. रश्श्यावरचा कट म्हणजे निव्वळ तेल. त्यानं जुलाब होतात, कधी स्वादुपिंडालाच सूज येते. चटणीतल्या कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून त्यांचं विष जात नाही, आणि परिणाम दिसायला काही दिवस लागतात. शिजलेलं हाड तर दाताखाली चिरफाळतं आणि आतड्यात टोचतं. पांढरा रस्सा चालेल का, असंही विचारतात. नाही. कांदा-लसूण त्यातही असतोच.

मग करायचं काय? मोठं, एरवी धडधाकट कुत्रं असेल तर बारा तास जेवण बंद. पाणी बंद नाही; घोट-घोट, वारंवार. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका, त्याची साखर पटकन उतरते.

त्यानंतर मऊ, गिजगा भात दोन वाट्या आणि बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन एक वाटी. मीठ नाही, हळद नाही, फोडणी तर नाहीच. हाताला कोमट लागेल असं, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. वाफवलेला तांबडा भोपळा चमचा-दोन चमचे कालवला तर शी बांधून यायला मदत होते. दूध नको. आपल्याला गंगावेशीतलं धारोष्ण दूध पचत असेल, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. शी घट्ट झाली की नेहमीचं खाणं चार-पाच दिवसांत हळूहळू मिसळत न्यायचं.

घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेततात.

शी किंवा उलटीत रक्त दिसलं, पाणीही पोटात राहत नसेल, पोट फुगलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा कोरड्या चिकट लागल्या, तर भात शिजवत बसू नका, डॉक्टर गाठा. लस न झालेलं पिल्लू घाणेरड्या वासाचे जुलाब करत असेल तर पार्व्हो, म्हणजे विषाणूचा जीवघेणा आजार, असू शकतो. तिथं एकेक तास मोलाचा.

काकांचं कुत्रं सलाइन आणि इंजेक्शनवर सावरलं, मग तीन दिवस भात-चिकन खाल्लं. चौथ्या दिवशी काकांचा फोन. "डॉक्टर, गडी भाताला तोंड लावंना झालाय, मटणाच्या डब्याफुडं बसलाय."

म्हटलं, मग बरा झाला. डबा वरच्या फळीवर ठेवा.