मांस काढलं, मग औषध कशाला?

शस्त्रक्रियेनंतर हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. "डॉक्टर, डोळ्यावरचं मांस काढलंत ना? मग हे थेंब कसले?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र ते मांस कुठल्या जातीचं होतं यावर ठरतं.

आधी टेरिजियम घेऊ. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातून, बहुधा नाकाच्या बाजूनं, एक त्रिकोणी पडदा बुबुळावर सरकत येतो. तो कर्करोग नाही. पण नुसता कापून जागा उघडी ठेवली तर काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्णांत तो परत आला, आणि परतलेला बहुतेकदा पहिल्यापेक्षा दांडगा असतो. कारण कापणं हीच एक जखम. जखम भरायला शरीर नव्या रक्तवाहिन्या आणि तंतू पाठवतं, आणि टेरिजियमला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून पेशींची वाढ रोखणारं औषध आलं. मायटोमायसिन-सी हे मुळात जिवाणूपासून मिळालेलं कर्करोगाचं औषध. टेरिजियमसाठी ते १९६३ साली जपानमध्ये वापरलं गेलं. पुढे शस्त्रक्रियेनंतर घरी घालायला त्याचे थेंब दिले जाऊ लागले, आणि तिथे गडबड झाली. पेशींची वाढ थांबवणारं औषध जखम भरणंही थांबवतं. काही डोळ्यांत पांढरा भाग विरघळल्यासारखा पातळ झाला, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. आता वापरायचंच असेल तर ०.०२ टक्के द्रावणात भिजवलेला स्पंजाचा तुकडा शस्त्रक्रियेच्या वेळी काही मिनिटं ठेवायचा आणि मग भरपूर सलाइननं धुवायचं. पण १९८५ नंतर आणखी सरळ मार्ग रुळला: त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचं आवरण काढून उघड्या जागी बसवायचं. पहिल्याच वेळच्या टेरिजियमला मी तरी हे औषध हात राखूनच वापरतो.

दुसरी जात वेगळी. पृष्ठभागावरच्या पेशींचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था. कधी जेलीसारखा गुलाबी उंचवटा, कधी पांढरट चट्टा. वरवर पाहता तो टेरिजियमही वाटू शकतो, म्हणूनच काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला पाठवायचा, कितीही साधा दिसो.

इथे सर्जन गाठीला चिमटा न लावता भोवतीचं तीनचार मिलिमीटर निरोगी दिसणारं आवरणही काढतो आणि कडा गोठवतो. तरी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशी रोगट पेशींची बेटं मागे राहू शकतात. रुंद कापत गेलं तर बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जातात, आणि बुबुळाची त्वचा त्यांच्याच जिवावर नवी होत असते. थेंब मात्र अख्ख्या पृष्ठभागावर पसरतात. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, म्हणजे पेशींची वाढ रोखणारं आणखी एक औषध, १ टक्का, दिवसातून चार वेळा, एक आठवडा. मग तीन आठवडे सुट्टी. असे काही फेरे. किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवणारं इंटरफेरॉन अल्फा-२बी, मिलिलिटरमागे १० लाख युनिट, रोज चार वेळा, महिनोन्‌महिने. इंटरफेरॉन सौम्य, पण महाग आणि फ्रिजमध्ये जपावं लागणारं. फ्लुरोयुरॅसिल स्वस्त, पण डोळा चुरचुरतो, पापणी लाल होते. हेच थेंब आधी देऊन मोठी गाठ लहान करता येते. कधी कधी सुरी लागतच नाही. गाठ खोलवर रुतली असेल तर मात्र थेंब तिथवर पोचत नाहीत.

गंमत पाहा. एका आजारात औषधाचा वापर आवरता घ्यावा लागला, तर दुसऱ्यात त्यानं शस्त्रक्रियेचीच जागा घ्यायला सुरुवात केली.

थेंब संपले, डोळा पांढराशुभ्र झाला की रुग्ण येईनासे होतात. टेरिजियम परतायचा असेल तर बहुधा पहिल्या वर्षातच परततो. कर्करोग काही वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून त्या रुग्णांना तपासणीची तारीख मी स्वतः कागदावर लिहून देतो.