नियमांचा कीस आणि खेळाची रंगत

(दृश्य : टेबलावर हातानं काढलेला नकाशा, वीस बाजूंचा फासा, पेन्सिलीनं भरलेली कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या गुणांचा कागद)

पुलावर एक धिप्पाड राक्षस वाट अडवून उभा आहे. खेळाडू म्हणते, "मी मागून जाऊन त्याच्या कमरेला विळखा घालते."

आता पुढं काय होणार? ते टेबलावर कोणती नियमावली आहे, त्यावर अवलंबून.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग खेळ : प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो, एक जण गेम चालवतो, आणि निकाल फाशांवर लागतो. २००० साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत या झटापटीला ग्रॅपल म्हणतात. तुम्ही अंगाला भिडलात, की आधी राक्षसाला एक वार करायची संधी. तो वार लागून इजा झाली, तर बेत तिथंच फसला. नाही लागला, तर त्याला नुसता हात लागतो का हे पाहायला फासा. हात लागला, की दोघांनी समोरासमोर फासे टाकायचे. त्यात लढाईतलं कौशल्य मिळवायचं, ताकद मिळवायची, शिवाय राक्षस आकारानं मोठा म्हणून त्याचे जादा आकडे. तोवर कुणीतरी पुस्तकाची पानं चाळत असतं, आणि पुलावरची ती थरारक घटका निघून गेलेली असते.

याच खेळाची १९८१ ची बेसिक आवृत्ती टॉम मोल्डवे यांनी संपादित केली होती. पुस्तिका ६४ पानांची. नियमात न बसणारं काही खेळाडूला करायचं असेल, तर त्यात गेम चालवणाऱ्याला एक साधा सल्ला आहे : वीस बाजूंचा फासा टाकायला सांगा, आकडा पात्राच्या ताकदीइतका किंवा त्याहून कमी आला की जमलं. काम फारच अवघड किंवा अगदी सोपं असेल, तर आकडा थोडा वरखाली करा. एक फासा, आणि गोष्ट पुढं सरकली.

मला हा दुसरा रस्ता आवडतो, आणि तो केवळ सोपा आहे म्हणून नाही. जाड नियमावली समोर असली, की खेळाडूची नजर शीटवर खिळते : माझ्याकडे कोणतं कौशल्य लिहिलंय, कोणतं बटण दाबू? नियम कमी असले, की तीच नजर पुलाकडे वळते. दोर कुजलाय का? खाली पाणी किती खोल आहे? राक्षसाला भूक लागली असेल का?

नियम कमी करण्याची ही ओढ नवी नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला. तीन छोट्या पुस्तिका, आणि वाचून पटकन खेळायला बसता येईल अशी मांडणी नाही. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲरिझोनात केन सेंट आंद्रे यांनी टनेल्स अँड ट्रोल्स काढला. त्यांना मूळ नियम किचकट वाटले होते. वेगवेगळ्या आकारांचे फासे काढून टाकून त्यांनी नेहमीचे सहा बाजूंचे फासे ठेवले.

(दृश्य : जुना लष्करी नकाशा, त्यावर मांडलेले ठोकळे)

मुळं तर याहून खोल जातात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून क्रीगश्पील नावाचा युद्धखेळ खेळला जाई : नकाशे, फासे, नुकसानीची कोष्टकं. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्यानं कोष्टकं बाजूला ठेवायला सांगितलं. अनुभवी पंचानं परिस्थिती पाहून निकाल द्यावा, हा त्याचा आग्रह.

इथंच खरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. पंच, म्हणजे आपल्या टेबलावर गेम चालवणारा, लहरी निघाला तर? आज उडी जमली, उद्या तीच उडी जमत नाही, कारण त्याला मनातून वाटलं नाही. जाड पुस्तक खेळाडूला या लहरीपासून वाचवतं. म्हणून नियम कमी करायचे, तर पंचानं दोन पथ्यं पाळलीच पाहिजेत. फासा टाकण्याआधी सांगायचं, "चुकलीस तर नदीत पडशील." आणि एकदा दिलेला निकाल वहीत टिपून पुढच्या वेळीही तोच लावायचा. एवढा विश्वास टेबलावर नसेल, तर जाड पुस्तक बरं.

सोपेपणा म्हणजे ढिलेपणाही नव्हे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं बारीकसारीक बेरजा-वजाबाक्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी ॲडव्हान्टेज आणलं : परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा आकडा घ्या. अकरा किंवा जास्त हवे असतील, तर शक्यता ५० टक्क्यांवरून थेट ७५ वर जाते. गणित आहेच, पण ते फाशांनी परस्पर केलं.

त्याहून धाडसी आहे ख्रिस मॅकडॉवल यांचा इन्टू द ऑड हा खेळ. त्यात वार लागला की नाही, हे बघायचंच नाही. वार केला की लागलाच. फक्त इजा किती ते फासा ठरवतो, चिलखत त्यातून थोडी वजा करतं. एक पायरी गेली आणि लढाई इतकी जीवघेणी झाली, की खेळाडू तलवार उपसण्याआधी बोलणी करू लागतात, सापळे लावतात, पळवाटा हेरतात. पात्राला गुण तीनच : ताकद, चपळाई, मनोबल. पात्र मेलं, तर काही मिनिटांत नवं तयार होतं, आणि त्याचा खेळाडू त्याच बैठकीत पुन्हा खेळायला लागतो.