फ्लॅगचे मूल्य प्रोग्रामच्या दारातच तपासावे

मित्रहो, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती झाली, हा कोल्हापुरात घरोघरी विचारला जाणारा प्रश्न असतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आपल्याला तोंडपाठ आहे. समजा, ही नोंद घेऊन सूचना पाठवणारा एक छोटा कमांड लाइन प्रोग्राम आपण पायथॉनमध्ये लिहिला आणि त्याला पातळी, इशारा व धोका असे तीन फ्लॅग, म्हणजे प्रोग्राम चालवताना नावासह मूल्य देण्याचे पर्याय, दिले. वापरणाऱ्याने पातळीपुढे ‘४३.१०’ असे टाइप केले, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आपण पातळी फूट-इंचांत सांगतो, त्यामुळे त्याच्या मनात ४३ फूट १० इंच असण्याचीच शक्यता अधिक; प्रोग्राम मात्र ते ४३.१ फूट, म्हणजे ४३ फूट सव्वा इंचाच्या आसपास, असे वाचतो. कुठेही एरर येत नाही आणि जवळपास नऊ इंच पाणी हिशेबातून नाहीसे होते.

म्हणून ‘मूल्य संख्या आहे का’ एवढे विचारून भागत नाही. फ्लॅग वाचणाऱ्या पायथॉनच्या आर्गपार्स या मॉड्यूलमध्ये फ्लॅगच्या ‘टाइप’ला आपले स्वतःचे फंक्शन देता येते. त्या फंक्शनने फूट आणि इंच स्पष्ट लिहिलेले मूल्यच घ्यावे, इंच ० ते ११ मध्येच आहेत हे पाहावे आणि सगळ्याचे इंच करून पुढे द्यावेत, म्हणजे आतल्या कोडला पुन्हा शंका घ्यावी लागत नाही.

दशांशातच मूल्य घ्यायचे ठरवले, तर आणखी एक धोका आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मजकुराची दशांश संख्या करणारे पायथॉनचे ‘फ्लोट’ ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) हा शब्दही स्वीकारते, आणि नॅन कशाहूनही लहान किंवा मोठा ठरत नाही. ‘शून्याहून कमी किंवा साठाहून जास्त असेल तर नाकारा’ ही अट तो सहज ओलांडतो. पुढे ‘धोका पातळी गाठली का’ या प्रश्नालाही उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि सूचना जातच नाही. तीच अट ‘शून्य ते साठ यांच्या दरम्यान असेल तरच स्वीकारा’ अशी लिहिली, की नॅन दारातच अडतो. (देवनागरी अंक मात्र पायथॉनला समजतात, हे आपल्यासाठी सोयीचे आहे.)

इशारा पातळी धोका पातळीपेक्षा कमीच हवी, ही तपासणी एकेका फ्लॅगपुरती होऊ शकत नाही. सगळे फ्लॅग वाचून झाल्यावर ती करावी आणि चूक आढळल्यास आर्गपार्सच्या पार्सरचे ‘एरर’ हे फंक्शन बोलवावे. ते संदेश स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, छापते आणि प्रोग्राम २ या एक्झिट कोडने (थांबताना मागे ठेवलेल्या आकड्याने) थांबवते. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, चालणाऱ्या स्क्रिप्टला तो कोड पाहूनच पुढचे काम थांबवता येते, आणि संदेशात कोणता फ्लॅग, काय दिले होते आणि काय चालले असते हे तिन्ही लिहिलेले असेल, तर सकाळी लॉग उघडणाऱ्याला कोड वाचत बसावे लागत नाही.